काल्पनिक देशातली यादवी कशी उभी करावी: राष्ट्रवादी विरुद्ध कम्युनिस्ट

कादंबरीसाठी, नाटकासाठी किंवा मित्रमंडळींसोबत खेळायच्या एखाद्या युद्धखेळासाठी मनातला देश रचायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी नकाशा काढतो. मीही काढला होता. मधोमध नदी, डाव्या तीरावर लाल, उजव्या तीरावर निळा. पलटणींची नावं, सेनापतींचे गणवेश, झेंड्यावरची चिन्हं, सगळं ठरवून झालं. तीन महिने त्यात गेले. मग पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. एक पोरगा रात्री नदी ओलांडून पलीकडच्या फौजेला जाऊन मिळतो, असा प्रसंग होता. तो का जातो, ते मला काही केल्या सांगता येईना.

तेव्हापासून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो. आधी एक गाव, त्या गावाचा हिशेब, आणि मग देश. नव्याने लिहिणाऱ्यांनी याच क्रमाने जावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून पायऱ्याही त्याच क्रमाने देतो आहे.

पायरी १: एका गावाची वही उघडा

वेगळी वही करा, खरीखुरी, कागदाची. पहिल्या पानावर गाव मांडा. समजा १२० घरं. जमीन मुख्यतः ८ घरांच्या नावावर. ७० घरं कुळं, २० घरं स्वतःच्या तुकड्यावर कशीबशी भागवणारी, बाकी मजूर आणि कारागीर. एक चक्की, एक शाळामास्तर, एक मापाडी.

आता एका कुळाचं वर्ष मांडा. पीक आलं ४० पोती. निम्मा खंड मालकाला, म्हणजे २० गेली. बियाण्याला ५. मागच्या वर्षीच्या उसनवारीचे व्याजासकट ६. सरकारी साऱ्याची ३. घरात उरली ६ पोती, आणि खाणारी तोंडंही सहा. शंभर किलोचं पोतं धरलं तर हे धान्य साडेसहा महिन्यांच्या पुढे जात नाही. म्हणजे सातव्या महिन्यात घरातला कर्ता पुन्हा मालकाच्या ओट्यावर जाऊन उभा राहणार. माझा नदी ओलांडणारा पोरगा मला या आकड्यांत सापडला. रात्री कुणीतरी येऊन सांगतं की आमच्याकडे खंड निम्मा नाही, चौथाई आहे. म्हणजे वर्षाला १० पोती जास्त. त्या १० पोत्यांसाठी माणूस नदीत उतरतो.

निम्म्याच्या आसपास खंड ही काही कल्पना नाही. १९३० च्या दशकात चीनच्या बऱ्याच भागांत कुळं एवढाच खंड देत होती.

पण इथे थांबलात तर तुमच्या देशात सगळे कम्युनिस्टच होतील, आणि गोष्ट खोटी पडेल. त्याच गावात राष्ट्रवाद्यांची माणसंही तितक्याच खऱ्या कारणांनी उभी करा. त्या २० घरांतला एखादा, ज्याने पोटाला चिमटा काढून दोन तुकडे जमीन घेतली आणि आता तीच जाईल अशी धास्ती ज्याला आहे. शाळामास्तर, ज्याला परकी अंमल आठवतो आणि देश पुन्हा फुटू नये एवढंच ज्याला हवं आहे. परकी फौजेशी लढताना भाऊ गमावलेला माजी शिपाई. धर्मस्थळाचा रखवालदार. यातल्या कुणालाही मूर्ख किंवा विकला गेलेला दाखवू नका. मास्तरला तर गावातला सगळ्यात शहाणा माणूस करा.

पायरी २: दोन्ही बाजूंना एक जुनं घर द्या

राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट बहुतेक वेळा एकाच वाड्यातून वेगळे निघालेले असतात. चीनमध्ये १९२४ ते १९२७ या काळात दोघं एकत्र होते. व्हाम्पोआ लष्करी अकादमी १९२४ साली निघाली तेव्हा प्रमुख राष्ट्रवादी च्यांग काय-शेक होते, आणि त्याच वर्षाअखेर तिथल्या राजकीय विभागात कम्युनिस्ट चौ एन-लाय काम करू लागले. पुढे एकमेकांवर तोफा रोखणारे कितीतरी अधिकारी एकाच मैदानावर कवायत शिकले. १२ एप्रिल १९२७ ला शांघायमध्ये राष्ट्रवाद्यांनी कालच्या सोबत्यांवर हत्यार चालवलं आणि तो संसार मोडला. युगोस्लाव्हियातही १९४१ च्या शरदात राजनिष्ठ सर्ब चेतनिक आणि कम्युनिस्ट पार्टिझन काही आठवडे जर्मनांविरुद्ध बरोबर होते, मग आपसांत भिडले.

तुमच्या देशासाठी ही फुटण्याची तारीख ठरवा. कुणी आधी हत्यार उचललं, याची दोन उत्तरं लिहून ठेवा, दोन्ही बाजूंची एकेक.

यातच एक गोष्ट नवे लिहिणारे हमखास विसरतात. दोन्ही बाजू बोलतात बरंचसं सारखंच. कम्युनिस्टही देशाच्या अब्रूची भाषा करतात, राष्ट्रवादीही गरिबांचं नाव घेतात. ‘कसेल त्याची जमीन’ ही भूमिका चीनच्या राष्ट्रवाद्यांचे आद्य नेते सुन यत-सेन यांचीच होती. खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणायचा, हे राष्ट्रवादी सरकारच्या १९३० च्या जमीन कायद्यात लिहिलेलंही होतं. मुख्य भूमीवर ते कागदावर राहिलं. युद्ध हरून तैवानात गेल्यावर त्याच पक्षाने १९४९ पासून ते अमलात आणलं आणि १९५३ साली कुळांना जमिनी दिल्या. फिनलंडमध्येही तसंच. १९१८ च्या यादवीत लाल, म्हणजे डावे, हरले, आणि त्याच सालच्या शरदात विजेत्यांच्या राज्यात कुळांना जमीन विकत घेऊ देणारा कायदा झाला. तुमच्या मास्तरला हे भाग्य द्या की आपल्या बाजूने हे वेळेत करावं म्हणून तो पत्रं लिहितो. उत्तर येतं की नाही, ते तुम्ही ठरवा.

पायरी ३: खुर्ची रिकामी करा

गरिबी पिढ्यान्‌पिढ्या असते, युद्ध मात्र एखाद्याच वर्षी पेटतं. ते वर्ष बहुधा सत्तेची खुर्ची रिकामी होण्याचं असतं. रशियन साम्राज्य कोसळलं तेव्हा फिनलंडकडे ना स्वतःचं सैन्य होतं ना धड पोलीस. कामगारांनी आपले रक्षक उभे केले, मालकवर्गाने आणि शेतकऱ्यांनी आपले, आणि १९१८ च्या जानेवारीत ठिणगी पडली. ग्रीसमध्ये १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन अथेन्स सोडून गेले आणि डिसेंबरात शहरातच गोळीबार सुरू झाला. चीनमध्ये १९४५ साली जपान शरण आला, तेव्हा पहिलं भांडण हेच होतं की जपानी सैनिकांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायची कुणी.

तुमच्या देशातून कोण निघून गेलं, आणि जाताना शस्त्रांची कोठारं कुणाच्या हाती पडली? एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की ही पायरी संपली.

पायरी ४: प्रत्येक बाजूत भांडण घाला

एकसंध लाल आणि एकसंध निळा असं कुठल्याच यादवीत दिसत नाही. स्पेनमध्ये १९३७ च्या मे महिन्यात बार्सिलोनाच्या रस्त्यांवर प्रजासत्ताकाच्याच बाजूचे लोक एकमेकांवर गोळ्या झाडत होते, एकीकडे अराजकवादी आणि त्यांचे साथी, दुसरीकडे कम्युनिस्ट आणि सरकारी पोलीस. राष्ट्रवाद्यांचा नेता फ्रँको याने त्याच्या पंधरवडाभर आधी, एप्रिलमध्ये, फॅसिस्ट फालांज आणि राजेशाहीवादी कार्लिस्ट अशा दोन न जुळणाऱ्या मंडळींना एका फर्मानाने एका पक्षात कोंबलं. रशियात लालांविरुद्ध लढणाऱ्या ‘गोऱ्या’ सेनापतींना ‘एक आणि अखंड रशिया’ हवा होता. म्हणून जे फिन, एस्तोनियन किंवा पोल त्यांचे साथी होऊ शकले असते, त्यांना ते स्वातंत्र्याचा ठोस शब्द देईनात.

प्रत्येक बाजूला तीन गट पुरेत. राष्ट्रवाद्यांत जुने लष्करी अधिकारी, जमीनदार आणि मास्तरसारखे सुधारक. कम्युनिस्टांत शहरातले कामगार नेते, डोंगरात लढून वर आलेले शेतकरी आणि परदेशात शिकून परतलेले. चौथा गट घालायचा मोह आवरा, वाचकाला नावं लक्षात राहत नाहीत.

पायरी ५: आता नकाशा

आता काढा, पण आधी रूळ, मग धान्याची कोठारं, बंदरं आणि घाट. सीमा सगळ्यात शेवटी.

रशियात लालांकडे मॉस्को आणि पेत्रोग्राद होतं, म्हणजे रेल्वेच्या जाळ्याचं केंद्र. एका आघाडीवरून दुसरीवर फौज ते आतल्या आत हलवत. गोरे बाहेरच्या कडांवर विखुरलेले, एकाला दुसऱ्याची मदत पोचत नसे. फिनलंडमध्ये दक्षिणेतली औद्योगिक शहरं लालांकडे होती, पण देश पूर्व-पश्चिम जोडणारी हापामाकी जंक्शनवरची रेल्वे गोऱ्यांनी हातची जाऊ दिली नाही. चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात १९४६ नंतर राष्ट्रवाद्यांकडे मोठी शहरं आणि त्यांना जोडणारा लोहमार्ग होता, आजूबाजूचा मुलूख कम्युनिस्टांकडे. नकाशावर बघितलं तर राष्ट्रवादी जिंकताहेत असं वाटावं. प्रत्यक्षात ती शहरं बेटांसारखी झाली होती, आणि १९४८ च्या नोव्हेंबरपर्यंत सगळी गेली.

अंतरं मोजूनच लिहा. पायी चालणारी फौज दिवसाला २०-२५ किलोमीटर जाते, पावसात आणि डोंगरात त्याहून कमी. तुमचा सेनापती एका रात्रीत १०० किलोमीटर पायी आणू नका. तुमचं गाव रुळापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर ठेवा. त्याहून जवळ ठेवलंत तर ते कायम एकाच बाजूच्या टाचेखाली राहील, फार लांब ठेवलंत तर कुणी फिरकणारच नाही. अर्ध्या दिवसाच्या अंतरावर दिवसा एकाचं राज्य असतं आणि रात्री दुसऱ्याचं.

पायरी ६: पैसा

यावर मी जास्त वेळ काढणार आहे, कारण लढाया लिहिणारे पुष्कळ भेटतात आणि पगार लिहिणारा क्वचित.

प्रत्येक बाजू शिपायाला काय देते? नोटा, धान्य की नुसता शब्द? राष्ट्रवादी चीनने युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला. भाव इतके चढले की १९ ऑगस्ट १९४८ ला नवं चलन आणावं लागलं, ३० लाख जुन्या युआनला १ सुवर्ण युआन. लोकांनी जवळचं सोनं, चांदी आणि परकी चलन जमा करून नव्या नोटा घ्याव्यात असा हुकूम निघाला. थोड्याच महिन्यांत नव्या नोटाही मातीमोल झाल्या. ज्यांनी सोनं दडवलं ते तगले. ज्यांनी सरकारवर भरवसा ठेवून रांगेत उभं राहून सोनं जमा केलं, ते शिक्षक, कारकून आणि छोटे दुकानदार बुडाले. म्हणजे सरकारचीच माणसं. तुमचा मास्तर त्या रांगेत उभा आहे, हातात बायकोच्या दोन बांगड्या आहेत, आणि खिडकीतला कारकून त्या वजनकाट्यावर ठेवतो आहे. हा एक प्रसंग नीट लिहिलात तर राष्ट्रवादी का हरले ते वेगळं सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही तितकाच निर्दयपणे मांडा. रशियात लाल सरकारने शहरांसाठी आणि फौजेसाठी खेड्यांतलं धान्य सक्तीने उचललं, आणि १९२०-२१ साली तांबोव्ह प्रांतातले शेतकरी त्याच सरकारविरुद्ध उठले. स्पेनच्या प्रजासत्ताकाने शस्त्रांसाठी १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये ५०० टनांहून जास्त सोनं सोव्हिएत संघात पाठवलं. तुमच्या कम्युनिस्टांनी चौथाई खंडाचं वचन दिलं होतं ना? युद्धाच्या तिसऱ्या वर्षी फौज तिप्पट झाल्यावर ते धान्य येणार कुठून? वहीत त्या ४० पोत्यांचा हिशेब पुन्हा मांडा. खंड कमी झाला, पण ‘आघाडीसाठी’ म्हणून ८ पोती गेली आणि घरातला कमावता पोरगाही गेला. घरच्यांना आता काय वाटतं?

पायरी ७: बाहेरचा हात

मदत करणारा देश आपल्या सोयीने मदत करतो आणि आपल्या सोयीने हात काढून घेतो. ग्रीसच्या सरकारला आधार द्यावा असं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी १२ मार्च १९४७ ला आपल्या संसदेत मांडलं, आणि पैसा, शस्त्रं, सल्लागार आले. ग्रीक कम्युनिस्टांची भिस्त उत्तरेकडच्या सीमेवर होती. १९४८ साली युगोस्लाव्हियाचे टीटो आणि सोव्हिएत संघाचे स्टालिन यांच्यात बिनसलं, ग्रीक पक्ष स्टालिनच्या बाजूने राहिला, आणि १९४९ च्या जुलैमध्ये युगोस्लाव्हियाने सीमा बंद केली. ऑगस्टअखेर ग्रामोसच्या डोंगरातली लढाई संपली होती. तुमच्या गोष्टीतही दूरच्या राजधानीतलं एक भांडण डोंगरातल्या जखमी माणसाला मिळणारं औषध बंद करू शकतं. ती साखळी कड्याकड्याने दाखवा.

पायरी ८: मापाड्याच्या दोन पावत्या

आता परत गावात या. वहीत प्रत्येक महिन्याला एक पान द्या आणि चार ओळी लिहा: कोण आलं, काय नेलं, कोण गेलं, कोण परतलं. मोठ्या लढाया या पानांवर फक्त बातमी म्हणून येऊ द्यात, तीही उशिरा आणि अर्धवट.

हे बघण्यासाठी मी मापाड्याचे डोळे वापरतो. कुणाचंही राज्य असलं तरी धान्य मोजायला त्यालाच बोलावतात. दिवसा राष्ट्रवाद्यांची तुकडी येते, तो माप भरतो, शिक्क्याची पावती मिळते. रात्री दुसरे येतात, तेच माप, पावती हाताने लिहिलेली, खाली अंगठ्याएवढा लाल शिक्का. दोन्ही जपाव्या लागतात, कारण पावती नसली तर पुन्हा द्यावं लागतं. पहिली तो छपराच्या वाशात खोचतो, दुसरी मापाच्याच तळाला, लाकडाच्या दुहेरी बुडात. बायकोला फक्त पहिली माहीत आहे. एका पहाटे दार वाजतं. बाहेरच्यांनी तोंड बांधलं आहे, टोप्या नाहीत. “पावती दाखव.” कुठल्या बाजूचे आहेत ते आवाजावरून कळत नाही. तो वाशाकडे हात नेतो, थांबतो.

लेखकानेही तिथे थांबावं. इकडे आड तिकडे विहीर म्हणजे काय, ते त्या उचललेल्या हातात येतं. असे प्रसंग प्रत्येक प्रकरणाला एक तरी असू द्या. ते सुचत नसतील तर वहीची पानं अजून पुरेशी भरलेली नाहीत असं समजा.

क्रौर्य लिहिताना हात आखडू नका आणि ते एकाच्याच पदरात टाकू नका. १९४८ च्या मे ते ऑक्टोबर मांचुरियातल्या चांगचुन शहराला कम्युनिस्ट फौजेचा वेढा होता. आतले राष्ट्रवादी नागरिकांना पोसू शकत नव्हते म्हणून बाहेर घालवत होते, बाहेरचे त्यांना वेढ्यातून जाऊ देत नव्हते. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात माणसं उपासाने मेली. फिनलंडमध्ये ३० लाखांच्या आसपास लोकवस्ती होती. १९१८ च्या युद्धात आणि त्यामागोमाग ३६,००० हून जास्त माणसं गेली, त्यातली १२,००० हून जास्त लढाई थांबल्यावर कैद्यांच्या छावण्यांत, भुकेने आणि रोगराईने.

पायरी ९: शब्दांच्या दोन याद्या

एकाच घटनेला दोन्ही बाजू काय म्हणतात याची यादी करा, आणि कोणत्या पात्राच्या तोंडी कुठला शब्द हे एकदा ठरवलं की मोडू नका. फिनलंडमध्ये त्या एकाच युद्धाला कुणी स्वातंत्र्ययुद्ध म्हणे, कुणी वर्गयुद्ध, कुणी नागरिकांचं युद्ध. चीनमध्ये एकाचं मुक्तियुद्ध ते दुसऱ्याचं बंडाचा बीमोड. ग्रीसमध्ये सरकारी भाषेत ते डाकूंविरुद्धचं युद्ध होतं, १९८९ साली कायदा होईपर्यंत. ‘यादवी युद्ध’ हा शब्द कागदावर यायला चाळीस वर्षं लागली. तुमच्या गावात मास्तर ‘बंड’ म्हणतो, पोरगा ‘मुक्ती’ म्हणतो, मापाडी ‘ती वर्षं’ म्हणतो.

पायरी १०: शेवट आधी ठरवा

कोण जिंकलं यापेक्षा शस्त्रं खाली कशी आली हे ठरवणं अवघड असतं. शेवटची मोठी लढाई हवीच असं नाही. आज आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते शहर सेनापती फू त्सो-यी यांनी १९४९ च्या जानेवारीत वाटाघाटींनी सोडलं. त्यांची स्वतःची मुलगी कम्युनिस्ट पक्षाची गुप्त सभासद होती. घरात मुलगी आणि बाहेर वेढा, असा सेनापती कल्पनेने रचायला गेलो असतो तर कुणी पटवून घेतलं नसतं.

मग हरलेले कुठे जातात ते लिहा. सीमेपलीकडे, बेटावर, छावणीत, की नाव बदलून शेजारच्या गावात? तैवानात १९४९ साली लागू झालेला लष्करी कायदा १९८७ पर्यंत उठला नाही. शांतता जाहीर झाल्यानंतरची निदान पाच वर्षं वहीत भरा, महिन्याला नाही तरी वर्षाला एक पान.

त्यातलं एक पान मापाड्याचं ठेवा. नव्या सरकारचा कारकून गावात आला आहे, टेबल शाळेच्या अंगणात मांडलं आहे. मास्तर तिथे आहे की नाही ते तुम्हाला माहीत असायला हवं. कारकून प्रत्येकाला विचारतो आहे, युद्धात धान्य कुणाला दिलं, पुरावा काय. मापाड्याची पाळी येते. त्याच्या मुठीत कुठली पावती आहे आणि दुसरीचं त्याने काय केलं, एवढं ठरलं की वही मिटा आणि पहिलं प्रकरण लिहायला घ्या.